कर्करुग्ण मुलांच्या पालकांना आधी विचारा तरी!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात कोथरूडच्या एका वाचकांचं पत्र आलं होतं. कर्करोग झालेल्या लहान मुलांवर मोठी रुग्णालयं औषधांचे प्रयोग करतात, भेदरलेल्या आईबापांकडून सह्या उरकून घेतात, सरकारने हे सगळं बंद करावं, असं त्यांचं म्हणणं. पत्र तळमळीने लिहिलेलं आहे, यात शंका नाही. पण आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार झालाय.

मी टपाल खात्यातून निवृत्त झालो आणि त्यानंतर शहरातल्या एका रुग्णालयाच्या नैतिकता समितीवर बसतो. रुग्णांवर कसलाही अभ्यास करायचा तर आधी या समितीची मंजुरी लागते. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषधचाचणीच्या अशा अभ्यासांसंबंधीच्या २०१९च्या केंद्रीय नियमांनुसार समितीत किमान सात जण लागतात, निम्मे त्या संस्थेबाहेरचे लागतात, एक तरी महिला लागते, कायदा जाणणारा लागतो, आणि वैद्यकातलं ज्याला काही कळत नाही असा एक सामान्य माणूसही लागतो. तो मी. माझी पात्रता एवढीच, की काउंटरवर आयुष्यभर लोकांचे फॉर्म भरून दिल्यामुळे बारीक अक्षरात काय दडलंय ते मला चटकन दिसतं आणि ते कळल्याशिवाय मी पुढचं पान उलटू देत नाही. काही डॉक्टर माझ्यावर वैतागतात. वैतागू देत.

समितीतलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून तिथलं काही लिहीत नाही. जे छापून आलेलं आहे, जे नियमांत आहे आणि आमच्या सोसायटीतल्या एका कुटुंबाने ‘खुशाल लिहा काका, फक्त नाव नको’ म्हणून परवानगी दिली आहे, तेवढंच लिहितो. माझं म्हणणं असं, की दुर्मीळ कर्करोग झालेल्या मुलांच्या बहुतेक पालकांना फसवायचं सोडाच, त्यांना अभ्यासाबद्दल कुणी विचारतसुद्धा नाही.

२०१६ साली आमच्या इमारतीतल्या पावणेदोन वर्षांच्या एका मुलाला आंघोळ घालताना त्याच्या आईच्या हाताला बरगडीखाली उजवीकडे कडक काहीतरी लागलं. सोनोग्राफी झाली, सीटी झाला, बायोप्सी झाली. निदान आलं हेपॅटोब्लास्टोमा. हा यकृताचा कर्करोग, बहुतेक करून अगदी लहान मुलांनाच होणारा. वडील चाकणला कंत्राटी कामावर, आई घरी, आजोबा बार्शीला. आजोबांनी फोनवर आधी विचारलं, ‘कुणाची नजर लागली?’ आणि मग विचारलं, ‘खर्च किती?’

उपचारांत डॉक्टरांनी कसूर केली नाही, हे आधीच सांगतो. सिस्प्लॅटिन या औषधाची केमो सुरू झाली, गाठ आकसली, मुंबईत शस्त्रक्रिया झाली, नंतर पुन्हा केमो. मुलगा आता पाचवीत आहे आणि पार्किंगमधून सायकल दामटताना सगळ्यांच्या गाड्यांवर ओरखडे काढतो, माझ्या ॲक्टिव्हावरही. पण त्याच्या दोन्ही कानांना यंत्रं आहेत. सिस्प्लॅटिनमुळे कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात, त्या पुन्हा येत नाहीत, आणि आधी जातो तो वरच्या पट्टीतला आवाज. दार आपटलं तर त्याला कळतं. ‘सायकल’मधला ‘स’ मात्र यंत्राशिवाय निसटतो. बोलायला शिकायच्या वयात हे होणं म्हणजे काय, ते त्याच्या आईला विचारा. स्पीच थेरपीसाठी ती त्याला कडेवर घेऊन दोन बस बदलून जायची.

आता याच कर्करोगाची एक हकिगत, जी कोथरूडच्या पत्रलेखकांनी जरूर वाचावी. माझ्या वयाच्या ज्या लोकांनी मोरीत लाल दिवा लावून घरी फोटो धुतले आहेत, त्यांना ‘हायपो’ आठवत असेल. सोडियम थायोसल्फेट. कागदावरचं चित्र पक्कं करायचं स्वस्त रसायन. ते सिस्प्लॅटिनला निष्प्रभ करतं हे माहीत होतं. मग सिस्प्लॅटिननंतर शिरेतून दिलं तर मुलांचे कान वाचतील का? आणि कान वाचवायच्या नादात गाठीवरचा परिणामही पुसला गेला तर? कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी हा प्रश्न अंदाजाने सुटणारा नव्हता. आपल्या मनाने द्यायची हिंमत कुणी करू नये, असाच तो होता. तेव्हा काही मुलांना द्यायचं, काहींना नाही, कुणाला द्यायचं ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं आणि थांबायचं, एवढाच मार्ग उरला.

तो मार्ग १२ देशांतल्या ५२ रुग्णालयांनी मिळून धरला. सिस्प्लॅटिन संपल्यावर सहा तासांनी १५ मिनिटांचं एक सलाईन, बस. एवढी रुग्णालयं असूनही शंभराच्या थोडीशीच वर मुलं जमवायला २००७ ते २०१४ इतका काळ गेला. निकाल २०१८ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. नुसतं सिस्प्लॅटिन मिळालेल्या मुलांपैकी ६३ टक्क्यांची श्रवणशक्ती कमी झाली होती. हायपो मिळालेल्यांत ३३ टक्क्यांची. गाठीवरचा उपचार दुबळा झाल्याचं दिसलं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ साली त्याला मान्यताही दिली.

आमच्या इमारतीतल्या त्या मुलाचं शेवटचं सलाईन हा निकाल येण्याआधीच निघालं होतं. हायपो मिळालं असतं तर त्याचे कान नक्की वाचले असते, असं मी म्हणणार नाही. मिळूनही काही मुलांचे गेलेच. पण तो अभ्यास सात वर्षांऐवजी तीन वर्षांत भरला असता तर? भारतात अशी मुलं काही कमी जन्मत नाहीत.

पण एका जिल्ह्याच्या वाट्याला किती येतात, तेही बघू. हा कर्करोग वर्षाला दहा लाख मुलांमागे एखाद-दुसऱ्यालाच होतो. २०११च्या जनगणनेत पुणे जिल्ह्याची लोकसंख्या ९४ लाखांच्या वर होती. त्यातली पाव मुलं धरली तर अख्ख्या जिल्ह्यात वर्षाकाठी दोन-चार मुलं. त्यातलं एक ससूनला जाणार, एक एखाद्या ट्रस्टच्या रुग्णालयात, एक खासगीत, एक थेट मुंबईला टाटाला. म्हणजे पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या वाट्याला दोन-तीन वर्षांत एखादं मूल.

खरी अडचण या गणितात आहे. एखाद्या रुग्णालयात अभ्यास उघडायचा म्हणजे करार, विमा, आमच्यासारख्या समितीपुढे अर्ज, कागदपत्रं सांभाळायला एक पगारी माणूस, औषधसाठ्याची नोंद. हा सगळा खटाटोप दोन वर्षांत येईल न येईल अशा एका मुलासाठी कोण करणार? कुणी करत नाही. मग ते मूल आलं की त्याला पुस्तकात छापलेला उपचार मिळतो, तो बहुधा चांगलाच असतो, आणि त्याच्यापासून जे शिकण्यासारखं होतं ते त्याच्या फायलीत दोऱ्याने बांधून कपाटात जातं. आमच्या शेजारच्या त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं, ‘काका, याच्यासाठी कुठे काही अभ्यास चालू असतो का हो?’ दोघांनी मिळून अशा अभ्यासांच्या नोंदणीची सरकारी वेबसाइट धुंडाळली. पुण्यात काही सापडलं नाही. रुग्णालयात तर हा विषयच कुणी काढला नव्हता.

आणि पुस्तकात छापलेला उपचार तरी आला कुठून? १९४८ साली बोस्टनमध्ये डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताचा कर्करोग झालेल्या सोळा मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. दहा जणांचा रोग काही काळापुरता का होईना, मागे हटला. ते औषध घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्या वेळी या रोगाचं मूल आठवड्यांत नाहीतर महिन्यांत जायचं. आज त्यातल्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात श्रीमंत देशांतली दहापैकी नऊ मुलं बरी होतात. मधल्या काळात कुठलं जादूचं औषध आलं म्हणून हे झालं नाही. बरीचशी जुनीच औषधं किती, कधी, कशासोबत द्यायची हे एकापाठोपाठ एक अभ्यासांतून कळत गेलं. आणि त्यातल्या प्रत्येक अभ्यासाच्या कागदावर कुणा ना कुणा आईबापाची सही आहे.

स्नायूंसारख्या मऊ ऊतींत होणाऱ्या ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाचंही तसंच. नेहमीचा उपचार संपल्यावर आणखी सहा महिने सौम्य केमो चालू ठेवली तर फायदा होतो का, हा साधा प्रश्न. युरोपातल्या अभ्यासात ३७१ रुग्ण जमायला २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं गेली. पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ७३.७ टक्क्यांवरून ८६.५ टक्क्यांवर गेलं. म्हणजे शंभरात तेरा मुलं जास्त! औषधं दोन्ही जुनी. अशा कामात कुठल्या कंपनीला रस असणार? हे डॉक्टरांनी आणि पालकांनीच करायचं काम आहे.

काही अभ्यास तर औषध काढून घेण्यासाठीच असतात, हे लोकांना माहीतच नसतं. मुलांच्या मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरमध्ये, ठरावीक टप्प्यांवरच्या मुलांना हृदयाला त्रास देऊ शकणारं डॉक्सोरुबिसिन वगळलं तरी चालतं, हे अशाच एका मोठ्या अभ्यासाने २०१५ साली दाखवलं. कोथरूडच्या वाचकांच्या मागणीप्रमाणे सगळं बंद केलं असतं तर ती मुलं आजही ते औषध घेत बसली असती.

भीती मात्र खोटी नाही, आणि ती डॉक्टरांनी हसण्यावारी नेऊ नये. २००९-१० मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यात कितीतरी आदिवासी मुलींच्या बाबतीत संमतीच्या कागदांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. त्या प्रकरणानंतर आणि सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर नियम आवळले गेले. सही करायच्या आधी पालकांना ते ठाऊक असले पाहिजेत. अभ्यासातून कधीही बाहेर पडता येतं, कारण द्यावं लागत नाही, आणि बाहेर पडलं म्हणून नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. अभ्यासामुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि कायमचं अपंगत्व किंवा मृत्यू ओढवला तर भरपाई. २००९पासून प्रत्येक औषधचाचणीची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणं सक्तीचं आहे आणि ती नोंदवही कुणालाही फुकट पाहता येते. संमतीच्या कागदावर आमच्यासारख्या समितीचा संपर्कही दिलेला असतो. तो नंबर शोभेला नाही. फोन करा.

पालक आणखी एका गोष्टीला घाबरतात: ‘आमच्या पोराला नुसती साखरेची गोळी दिली तर?’ मुलांच्या कर्करोगाच्या अशा तुलनेच्या अभ्यासात सहसा एका बाजूला आजवरचा सर्वांत चांगला उपचार असतो आणि दुसऱ्या बाजूला त्यात केलेला एखादा बदल. नवीन औषधाचा पहिल्या टप्प्याचा अभ्यास मात्र वेगळा. तिथे मुख्य हेतू डोस ठरवण्याचा असतो आणि त्या मुलाला फायदा होईलच असं नसतं. हे डॉक्टरांनी आईबापांच्या डोळ्यांत बघून सांगायला हवं. ‘शेवटचा उपाय’ असं म्हणून तो कागद पुढे करणं मला अजिबात मान्य नाही, आणि असं कुठे होत असेल तर कोथरूडच्या वाचकांच्या बाजूने मीही उभा राहीन.

आणि मुलांचं काय? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सात ते बारा वर्षांच्या मुलाची तोंडी संमती घ्यायची, बारा ते अठरा वयाच्या मुलाची लेखी. म्हणजे मुलांसाठी वेगळा कागद हवा. या कागदांबाबत माझा एक हट्ट आहे. ‘वैज्ञानिक ज्ञानात भर’ वगैरे राहू द्या. सुई किती वेळा टोचणार, केस जाणार का, शाळा किती बुडणार, आई जवळ थांबू शकेल का, हे पहिल्या पाच ओळींत लिहा. नऊ वर्षांच्या मुलीला दुसरं काय जाणून घ्यायचं असतं?

आता पुण्यापुरतं. अभ्यासात भाग घेणं या जिल्ह्याला नवं नाही. रोटाव्हॅक या अतिसारावरच्या भारतीय लसीची अंतिम चाचणी ६,७९९ तान्ह्या बाळांवर दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या वढू इथे झाली, पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रामार्फत. शिरूर तालुक्याच्या खेड्यांतल्या आयांनी धडधाकट बाळं मांडीवर घेऊन त्यात भाग घेतला; आज ही लस देशाच्या लसीकरण कार्यक्रमात आहे. ऑगस्ट २०२०मध्ये कोविशील्डच्या भारतातल्या चाचणीचे पहिले डोस दिले गेले तेही पुण्यात, भारती रुग्णालयात. तेव्हा स्वयंसेवक व्हायला ओळखी लावणारे लोक मी पाहिले आहेत. निरोगी माणसांसाठी एवढं जमतं, तर आजारी मुलांसाठी का जमू नये? रक्ताच्या कर्करोगात आपल्याकडे ते जमलंही आहे. आयसीआयसीएलई या नावाने भारतातली अनेक रुग्णालयं एकत्र येऊन एकाच आराखड्याने मुलांवर उपचार करणारा अभ्यास करत आली आहेत. पण तो मुलांमधला सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग. दुर्मीळ कर्करोगाची मुलं विखुरलेली राहतात.

म्हणून पुण्यातल्या रुग्णालयांनी निदान एवढं करावं. मुलाला कर्करोग असल्याचं ठरलं, की ‘या आजारावर देशात कुठे अभ्यास चालू आहे का, आम्ही शोधलं, आहे किंवा नाही’ अशी एक ओळ केसपेपरवर लिहावी आणि तिची प्रत पालकांच्या हातात द्यावी. ‘नाही’ लिहावं लागलं तरी लिहावं. तसं लिहायचं म्हटलं की शोधावं लागतं. ज्या ठिकाणी स्वतःची समिती नाही तिथल्या अभ्यासाला त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या आतल्या दुसऱ्या समितीची मंजुरी चालते, असं नियमच सांगतात. मग मुलांच्या दुर्मीळ कर्करोगांपुरतं तरी शहरातल्या सगळ्या समित्यांनी मिळून एकदाच काम उरकायला काय हरकत आहे? तोच जाडजूड कागद पाच रुग्णालयांत पाच वेळा वाचून मुलं पाचपट सुरक्षित होत नाहीत. एका समितीने नीट वाचावा, बाकीच्यांनी तो मान्य करावा, म्हणजे एकुलत्या एका मुलासाठीही अभ्यासाचं दार उघडणं परवडेल.

शेवटी पैसे. अभ्यास म्हणजे जादा फेऱ्या, जादा तपासण्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून बऱ्याच उपचारांचा खर्च निघतो, रेल्वेत कर्करुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला भाड्यात सवलत आहे. पण चाकणच्या कंत्राटी कामगाराची बुडालेली हजेरी कुठल्याच योजनेत बसत नाही. अभ्यास आखणाऱ्यांनी प्रवासखर्च आणि बुडीत मजुरी अंदाजपत्रकात पहिल्यापासून धरावी. याला आमिष म्हणणारे आमच्या क्षेत्रातही आहेत. मी म्हणतो, बापाने खाडे करून स्वतःच्या खिशातून संशोधनाचा खर्च करावा, ही अपेक्षा जास्त अनैतिक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या मुलांपैकी ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात. अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत ३० टक्क्यांहून कमी. यात उशिरा निदान, अर्ध्यात सोडलेले उपचार, पैसे, अंतर अशी सगळी कारणं आहेत. केवळ अभ्यासांनी ती दरी बुजणार नाही. पण अभ्यासात असलेल्या मुलाची एक तारीख चुकली तर कुणीतरी फोन करून विचारतं, ‘का आला नाहीत?’ तेवढ्यानेही उपचार अर्धवट सोडणाऱ्यांतली काही मुलं टिकतील.

संपादक महोदय, आपल्याकडेही एक मागणं आहे. आपल्या आरोग्य पुरवणीत महिन्यातून एकदा, मुलांच्या कर्करोगाचे कोणते अभ्यास महाराष्ट्रात कुठे चालू आहेत, त्याची सीटीआरआयच्या नोंदवहीतून काढलेली चौकट छापावी. माहिती उघडी आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि बार्शीच्या आजोबांना ती सापडणार नाही. त्यांच्याकडे आपला पेपर मात्र रोज येतो. चौकटीला मोठी जागा नको. राशिभविष्याचं एक पान दोन राशींनी कमी केलंत तरी मावेल.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी, बिबवेवाडी, पुणे

(समितीचा सदस्य असल्यामुळे कृपया नाव छापू नये.)